गर्भ इतका कोवळा असताना त्याच्यात रोगप्रतिकाराची जनुकं कशाला चालू होतात?

ज्याला अजून ना हाड ना रक्त, त्या गर्भाला विषाणूशी लढायची जनुकं कशाला, असं तुम्ही विचारलंय. ती सगळी लढायला नसतातच. गाईचं सांगते.

गाईचा गर्भ सातव्या दिवशी मोहरीहून बारीक असतो. सोळाव्या-सतराव्या दिवशी त्याचा लांबलचक धागा होतो आणि ज्या आवरणातून पुढे वार बनते, ते इंटरफेरॉन टाऊ सोडत असतं. विषाणू रोखणाऱ्या इंटरफेरॉनांच्याच घराण्यातलं हे प्रथिन. १९८७ साली मेंढीत त्याची ही ओळख पटली. पण ते सुटायला विषाणू लागत नाही. ‘मी आहे’ एवढा निरोप ते गर्भाशयाला देतं. मग पीतपिंड विरघळवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचे झटके येत नाहीत, अंडाशयावरचा हा पीतपिंड, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक देणारी गाठ, टिकतो आणि २१ दिवसांनी गाय माजावर येत नाही. निरोप कमी पडला की गाय उलटते, म्हणजे रेतनानंतर पुन्हा माजावर येते.

आमची चांदी, होलस्टिन संकरित, तीनदा उलटली. मी बारावीत होते. वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायचे: आधी २१ दिवस, मग २९, मग वैशाखात ३१. अण्णा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, गाय गाभच धरत नाही, बाजारात काढा. आणि काढलीच. पुढे पशुवैद्यक शिकताना कळलं की २९ आणि ३१ दिवसांचा अर्थ बहुधा उलटा होता. तिने गर्भ धरला होता, निरोपही पोचला होता, गर्भ नंतर मेला. त्या उन्हात तिला सावली आणि पाणी हवं होतं, गिऱ्हाईक नव्हे.

म्हणून रेतनाची तारीख लिहून ठेवा. २५ दिवसांनंतर उलटणाऱ्या गाईला वांझ ठरवू नका, आधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या.

माणसात इंटरफेरॉन टाऊचं जनुक नाही. पीतपिंड टिकवायचं काम तिथे एचसीजी हे संप्रेरक करतं, आणि वारेच्या पेशींवरचं एचएलए-जी हे प्रथिन आईच्या रोगप्रतिकाराच्या मारक पेशींना आवरतं. तो भाग जाणकारांनी लिहावा.

आणि हो, मधला एखादा माज नजरेतून सुटला तरी अंतर लांबतं. अण्णाही तेव्हा हेच म्हणाले होते. पण सकाळ-संध्याकाळ शेपटीखालचा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, मी बघायचे. अण्णा गोठ्यात यायचे ते दुधाच्या वेळी.