माणसाच्या हयातीत क्वासारांचा जीवनप्रवास दिसत नाही, मग सर्वेक्षणांतून त्यांची उत्क्रांती कशी कळते?

तुमची शंका रास्त आहे. क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असताना त्याभोवती दिसणारा प्रचंड तेजस्वी झोत. एखादा क्वासार पेटला, वाढला, विझला, असा पूर्ण प्रवास कुणीच पाहिलेला नाही. सर्वेक्षण ही जनगणना असते. फरक इतकाच, की इथे जितकं लांब पाहाल तितका जुना काळ दिसतो. त्यामुळे क्वासारांचे अंतरानुसार गट पाडले की ते आपोआप काळानुसार पडतात.

अंतर कळतं वर्णपटातून. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टिन श्मिट यांच्या लक्षात आलं, की ३सी २७३ या क्वासारच्या वर्णपटातल्या अनोळखी वाटणाऱ्या रेषा हायड्रोजनच्याच आहेत, फक्त जवळपास १६ टक्क्यांनी तांबड्याकडे सरकलेल्या. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात (इथे ०.१६), आणि ती जितकी जास्त तितका क्वासार लांब. आज आकाशाची पद्धतशीर नोंद घेणाऱ्या एकट्या स्लोन सर्वेक्षणाच्या यादीत साडेसात लाख क्वासार आहेत. विश्वाच्या प्रसरणाचा हिशेब करून त्यांची घनता काढली, तर तेजस्वी क्वासारांचा सुकाळ सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वीचा निघतो, म्हणजे ताम्रसृती २ ते ३ च्या दरम्यानचा. त्याआधी ते कमी होते आणि नंतरही ओसरत गेले. आपल्या आसपासच्या दीर्घिकांत कृष्णविवरं आहेत, पण बहुतेकांना गिळायला पुरेसा वायू उरलेला नाही.

खरी मारामारी मोजणीत आहे. स्लोनची एक जुनी यादी उतरवून मी ताम्रसृतीचा आलेख काढला, तर २.७ च्या आसपास चक्क खड्डा! दोन दिवस मी त्यात विश्वाचा इतिहास शोधत बसलो होतो. कारण साधं निघालं. सर्वेक्षण प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट घेत नाही. आधी पाच फिल्टरांतून दिसणाऱ्या रंगांवरून उमेदवार निवडले जातात, आणि नेमक्या त्या ताम्रसृतीला क्वासारांचे रंग साध्या ताऱ्यांसारखे दिसतात. मग ते गाळणीतून निसटतात. म्हणून संशोधक संगणकात खोटे क्वासार तयार करतात, त्याच गाळणीतून सोडतात आणि त्यातले किती हाती लागतात ते पाहून खरी संख्या सुधारून घेतात. ही दुरुस्ती न करता काढलेल्या आलेखावर माझा काडीचाही विश्वास नाही. धुळीआड लपलेले क्वासार तर रंगांच्या या खेळात येतच नाहीत. त्यांच्यासाठी अवरक्त आणि क्ष-किरण सर्वेक्षणं लागतात.

गुणधर्मांचं म्हणाल, तर वर्णपटातली रेषा जितकी रुंद तितका कृष्णविवराभोवतीचा वायू वेगवान. तो किती अंतरावर फिरतोय याचा अंदाज तेजावरून येतो, आणि दोन्ही मिळून वस्तुमान. एकेका क्वासारसाठी हा आकडा सहज तिप्पट चुकू शकतो. पण २०२१ मध्ये जाहीर झालेल्या जे०३१३−१८०६ या क्वासारमध्ये महास्फोटानंतर अवघ्या ६७ कोटी वर्षांत १६० कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर आढळलं. तिथे तिपटीची चूक धरली तरी ते इतक्या लवकर एवढं कसं फुगलं, हा प्रश्न तसाच उरतो.