पुण्याच्या नव्या भागात दोन पावलांवरच्या ठिकाणीही एवढा वळसा का पडतो?

कारण तिथे रस्ते आखले जाण्याआधीच एकेक शेत विकलं गेलं आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. सदाशिव पेठेत एक बोळ बंद असला तर दुसऱ्यातून निघता येतं. वाघोलीकडे सोसायटीला कुंपणाची भिंत आणि एकच गेट. भिंतीपलीकडच्या किराणा दुकानात जायलाही हमरस्त्यावर यावं लागतं. सगळ्यांच्या गाड्या तिथेच उतरल्यावर तो तुंबणारच. आराखड्यातले जोडरस्ते जमीन ताब्यात येईपर्यंत कागदावरच राहतात. मात्र शहर वाढलं की असंच होतं, असं नाही. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्यात आधी रस्ते आखले, मग भूखंड दिले. तिथे आजही गल्ल्यागल्ल्यांतून सरळ चालत जाता येतं.