आधी उतरवा, मग खोडा

पत्र थोडक्यात असं: “मी ४४ वर्षांचा, ऑर्केस्ट्राचा कंडक्टर. गेली १७ वर्षं फक्त नवे ऑपेरा करतो. ११ ऑपेरांचे पहिले प्रयोग मी उभे केले, त्यातले ९ चार-पाच प्रयोगांनंतर कायमचे बंद पडले. ऑपेरा हाऊसना पहिल्या प्रयोगाची बातमी हवी असते, दुसऱ्यांदा ते काम कोणी हातात घेत नाही. शेवटचा प्रयोग झाला की भाड्याने आलेल्या स्कोअरवरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या आणि गायकांच्या छापील संगीतावरच्या, माझ्या पेन्सिलच्या खुणा मी खोडतो, त्या कागदांची पेटी प्रकाशकाकडे पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. आत्ताचीही शुक्रवारी जाईल. एका हाऊसने मला हंगामभर वेर्दी आणि पुच्चिनी, म्हणजे जुने गाजलेले इटालियन ऑपेरा, देऊ केलेत. बायको म्हणते, घे. ही नव्या संगीताशी गद्दारी होईल का?”

गद्दारीचं नंतर बघू. खुणा खोडण्याचं तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. ११ ऑपेरा, आणि दर वेळी तुम्ही खोडरबर घेऊन बसलात?

करारात तसं असतं, ठाऊक आहे मला. बरीच वर्षं मी ऑपेराच्या तालमींना पियानो वाजवलाय, त्या पेट्या उघडल्यात आणि बांधल्यात. मऊ पेन्सिल वापरा, परत करताना पानं स्वच्छ करा. पण खोडण्याआधी उतरवून घ्यायला तुम्हाला कोणी अडवलं होतं?

अशाच एका नव्या ऑपेराच्या दुसऱ्या निर्मितीत मी होते. पहिला प्रयोग वेगळ्या शहरात, वेगळ्या माणसाने केलेला. दुसऱ्या अंकात एक जागा होती, दर बारला, म्हणजे संगीताच्या दर मापाला, ताल बदलणारी, आणि सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, पाठमोरी. तिला कंडक्टरचा हात दिसायचा नाही. दोन दिवस आम्ही तिथेच आपटत होतो. मग कंडक्टरने पान दिव्याखाली तिरकं धरलं. समासात अर्धवट खोडलेली एक ओळ होती: “तिच्या खांद्याकडे बघ, खांदा उचलला की इशारा दे.” दुपारपर्यंत जागा बसली. आधीचा माणूस ती ओळ नीट खोडायला विसरला होता, म्हणून आमचे पुढचे दिवस वाचले.

वेर्दीच्या बाबतीत कोणाला पान तिरकं धरावं लागत नाही. कुठे श्वास, कुठे थांबायचं, कुठला आवाज दाबला जातो, हे दीडशे वर्षांत हजारो हातांतून पुढे आलंय. तरुण कंडक्टरला ते तालमीतला पियानोवाला सांगतो, म्हातारा कोरस सांगतो. नव्या ऑपेराला असं सांगणारं कोणी नसतं. त्याच्यापाशी असतात फक्त तुमच्या खुणा. त्या पुसल्या की दुसरं हाऊस पुन्हा शून्यावर. शून्यापासून सुरुवात म्हणजे तालमी जास्त, तालमी जास्त म्हणजे खर्च जास्त, आणि मग तो विषय बैठकीत मागे पडतो. तुम्ही हाऊसवर चिडलाय. थोडं स्वतःवर चिडा.

संगीतकार आल्बान बेर्गचा ‘व्होत्सेक’ हा ऑपेरा आठवा. १४ डिसेंबर १९२५ला बर्लिनमध्ये कंडक्टर एरिख क्लायबरने तो उभा केला. मोठं हाऊस, भरपूर तालमी. लहान थिएटरना हे झेपणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. १९२९मध्ये ओल्डेनबुर्गच्या छोट्या थिएटरने तो करून दाखवला. आणि बेर्गने काय केलं? हा ऑपेरा कसा बसवायचा याच्या व्यावहारिक सूचनाच लिहून काढल्या. एवढं अफाट संगीत लिहिणाऱ्या माणसाला ते काम कमी दर्जाचं वाटलं नाही.

संगीतकार काया सारिआहोचा ‘लामूर द लवाँ’ हा ऑपेरा २०००मध्ये साल्झबुर्गला केंट नागानोच्या हाताखाली पहिल्यांदा झाला. २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये तो सुसाना माल्कीने केला. १६ वर्षं, दुसरं शहर, दुसरा हात. तुमच्या त्या ९ ऑपेरांनाही असा दुसरा हात भेटू शकतो. त्या हाताला तुम्ही काय देऊन ठेवलंत?

वेर्दी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, घर चालतं त्याने, आणि बायको चुकीचं काही सांगत नाहीये. मला तो प्रश्नच वाटत नाही.

शुक्रवारची पेटी अजून तुमच्या टेबलावर असेल. एक जाड वही घ्या. पहिल्या पानापासून बसा. बार नंबर लिहा आणि त्यापुढे तिथली खूण, का केली तेही. बारा-आठचा ताल कुठे चार ठोक्यांत मारला, बास क्लॅरिनेट कुठे कमी केल्यावर शब्द ऐकू आले, टेनर गायकाला विंगेतल्या मॉनिटरवर तुम्ही कुठे दिसत नाही. ऑर्केस्ट्राच्या पार्टमधल्या, म्हणजे एकेका वादकाच्या पानांतल्या, चुका वेगळ्या पानावर. पहिल्या प्रयोगात त्या ढिगाने सापडतात, आणि कळवल्या नाहीत तर पुढच्या पेटीत तशाच जातात. वेळ पुरला नाही तर प्रकाशकाला फोन करून आठवडाभर मुदत मागा. वहीची एक प्रत संगीतकाराला पाठवा, एक प्रकाशकाला, आणि सोबत दोन ओळी: पुढे कोणीही हा ऑपेरा करायला घेतला तर ही त्याला द्या, माझा नंबर आत आहे.

मग खोडा. आधीच्या दहांतलं जे आठवतंय तेही लिहा, उरलेलं त्या त्या गायकांना विचारा. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं, त्या जागा त्यांनी अंगावर काढलेल्या असतात.