जामीन राहण्याआधी

प्रिय मुला,

तुझा मेसेज वाचला. मित्राला पतपेढीचं कर्ज हवंय, जामीन म्हणून तो तुझी सही मागतोय. प्रार्थना करून तू डोळे मिटून बायबल उघडलंस, एक स्तोत्र निघालं, आणि आता विचारतोयस, 'काका, हे हो समजायचं का?' अरे, शास्त्र म्हणजे काय पोपटवाल्याची चिठ्ठी आहे?

सरळ बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा 6वा अध्याय काढ. पहिली पाच वचनं जामीनकीवरच आहेत. शब्दात अडकला असशील तर झोपूसुद्धा नकोस, जाऊन विनवण्या कर, पारध्याच्या हातून पाखरू निसटतं तसा निसट. 22व्या अध्यायात तर म्हटलंय, फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूणही जाईल.

ही वचनं मला संडे स्कूलपासून पाठ होती. तरी लग्नाला वर्ष व्हायच्या आत कँटीनमध्ये एकाच्या फॉर्मवर मी सही ठोकली. चहाच्या ग्लासचा गोल डाग सहीशेजारी उमटला, तो अजून दिसतो मला. तो नोकरी सोडून गेला आणि हप्ते माझ्या पगारातून कापले जाऊ लागले. तुझी काकू एक शब्द बोलली नाही. तिने फक्त दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलं.

मग मित्राला वाऱ्यावर सोडायचं? तसंही नाही. त्याच पुस्तकात, 3ऱ्या अध्यायात आहे: जवळ असताना शेजाऱ्याला 'जा, उद्या ये' म्हणू नकोस. दोन्ही शेजारी ठेवून वाच. मला त्यातून एवढं कळतं की आहे ते द्यावं, नाही ते लिहून देऊ नये. खात्यात वीस हजार असतील तर त्यातले दे, आणि परत येतील असं धरून चालू नकोस.

26व्या अध्यायात तर गंमतच आहे. 4थं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, 5वं म्हणतं दे. कधी कुठलं, ते सांगितलेलंच नाही. ते मागून घ्यावं लागतं. नव्या करारातल्या पत्रात याकोब लिहितो, ज्ञान कमी पडत असेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो. शलमोन राजानेही गिबोन गावी देवाजवळ ऐकून घेणारं मन मागितलं होतं, पैसा नाही.

नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत. ज्या तारखेला जो येईल तो वाच. ठाण्याला गाडीत शिरलास तर भांडुप यायच्या आत संपतो, चौथ्या सीटवर टेकून बसलास तरी. भाषा जड वाटली तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर बघ. साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी ते केलं, 1922 साली डोळे मिटेपर्यंत त्यातच होत्या. 27 तारखेला 14वं वचन चुकवू नकोस: पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद देणं हे शाप दिल्यासारखंच. आपल्या ग्रुपवर पाच वाजता फुलं पाठवणाऱ्यांना कुणीतरी ते दाखवायला हवं.

मित्राला आज फोन कर, मेसेज नको. आवाज चढवू नकोस, पण नकार पहिल्या वाक्यात दे. घोळवत बसलास की तो फॉर्म घेऊन दारात उभा राहील. माझं नाव पुढे केलंस तरी चालेल, मला सवय आहे.

रविवारी उपासनेनंतर भायखळ्याला भेटू. काकूने तुझ्यासाठी चिंबोऱ्या आणायचं ठरवलंय.

तुझा,
काका