रानडुकराने फाडलेला कुत्रा आणि 'अर्धवट' सलाइन

गुहागरच्या ताई, तुमचा कुत्रा वाचला हे कळून खूप बरं वाटलं. डुकराने मांडी फाडली, रक्त भळाभळा गेलं आणि डॉक्टरांनी मात्र सलाइनच्या बाटल्या मागवून एकही सलग चढवली नाही, मध्येच बंद करत राहिले, म्हणून तुम्ही चिडला आहात. मला विचाराल तर त्यांनी अगदी योग्य केलं.

२० किलोच्या कुत्र्याच्या अंगात जेमतेम पावणेदोन लिटर रक्त. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर झपाट्याने गेलं की कुत्रा शॉकमध्ये जातो, म्हणजे अंगाला पुरेसं रक्त पोचेनासं होतं. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबून सोडा. एरवी पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी होतो. शॉकमध्ये हिरडी आधीच फिकट असते आणि रंग परतायला वेळ लागतो. मांडीच्या आतल्या बाजूची नाडी बारीक, भरभर. पंजे गार.

अशा वेळी रिंगर लॅक्टेट (सलाइनचाच एक प्रकार) शिरेतून किलोला १५-२० मिली, म्हणजे तुमच्या कुत्र्याला ३००-४०० मिली, पंधरा-वीस मिनिटांत देतात. मग थांबून पुन्हा हिरडी आणि नाडी बघतात, गरज असेल तर पुढचा हप्ता. किलोला ९० मिली एका दमात चढवायची जुनी रीत आता मागे पडली. दाब एकदम वाढला की जखमेत नुकती धरलेली रक्ताची गाठ सुटते. रक्त पातळ होऊन गोठेनासं होतं, गार सलाइनने अंग आणखी गार पडतं आणि गोठणं अजून बिघडतं. शीर बांधून होईपर्यंत वरचा दाब ८०-९० असला तरी चालतो.

'हिमोग्लोबिन तर ठीक आलं होतं' असं तुम्ही लिहिलंय. त्यावर जाऊ नका. कुत्र्याची प्लीहा (पोटातला एक अवयव) लाल पेशी साठवून ठेवते आणि अशा प्रसंगी त्या रक्तात सोडते, त्यामुळे पहिला रिपोर्ट फसवतो. काही तासांनी पुन्हा तपासावंच लागतं.

घरी बाटली ठेवून कातडीखाली द्यायचा विचार सोडा. शॉकमध्ये कातडीच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, पाणी तिथेच फुगून राहतं. तोंडाने पाणी पाजू नका, माणसांची दुखण्याची गोळी तर मुळीच नको. स्वच्छ फडका जखमेवर घट्ट दाबून धरा, भिजला तर न काढता वर दुसरा ठेवा, गोधडीत गुंडाळा आणि निघा. गाडी नसेल तर १९६२ वर, म्हणजे जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरवर, फोन करा. फुरसं चावून रक्त येत असेल तर नुसत्या सलाइनने भागत नाही, सर्पविषावरचं प्रतिविष हवं.

आता रक्ताचं. सलाइन शिरा भरते, प्राणवायू वाहत नाही, आणि तासाभरात तिचा बराचसा भाग शिरांबाहेर झिरपतो. फार रक्त गेलं तर रक्तच लागतं. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना सहसा गट आडवा येत नाही, पण आपल्याकडे गोचीड फार, त्यामुळे देणाऱ्या कुत्र्याला एर्लिशिया, बबेसिया हे गोचिडांतून पसरणारे आजार नाहीत हे आधी तपासायला हवं. वाडीत २५ किलोच्या वरचा, तरुण, लसी झालेला कुत्रा असेल तर मालकाशी बोलून त्याची तपासणी आताच करून घ्या आणि डॉक्टरांकडे नोंद ठेवा.