वाचकांचे प्रश्न : फझचा आवाज उन्हात का तुटतो?

प्रश्न : आमचा चौघींचा बँड आहे. 'द लव्ह्ड वन्स'सारखा खरखरीत गिटार हवा म्हणून जर्मेनियमचं फझ पेडल आणलं. दुपारी पत्र्याच्या खोलीत आवाज तुटतो आणि दुसऱ्या पेडलसोबत एकाच अडॅप्टरवर लावलं की दोन्ही बंद पडतात.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : निवड झकास आहे! मिशिगनमधल्या नाइल्स गावच्या या मुलींची रेकॉर्ड 1966 मध्ये शिकागोच्या डनविच कंपनीनं काढली. त्यांची गिटारवादक शार विनेज हिचा फझ आजही अंगावर येतो.

पेडल बिघडलेलं नसावं. उष्णतेनं जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती, म्हणजे नको असताना वाहणारा करंट, वाढते आणि बायस (ट्रान्झिस्टरचा ठरलेला कामाचा व्होल्टेज) सरकतो. बेळगावचा एप्रिल त्याला सोसत नाही. पेडल सावलीत, अँपच्या डोक्यावर नव्हे तर फरशीवर ठेवा. आत ट्रिमपॉट (स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा छोटा नॉब) असेल तर खोली तापलेली असतानाच तो फिरवून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (त्याच्या तीन पायांपैकी एक) मीटरनं मोजलेला व्होल्टेज 4.5 व्होल्टच्या आसपास आणा. मीटरवर वजा चिन्ह दिसलं तरी घाबरू नका.

ते चिन्हच दुसऱ्या तक्रारीचं मूळ. जुन्या धाटणीच्या, पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असलेल्या फझमध्ये ग्राउंडला बॅटरीचं धन टोक असतं, बाकीच्या पेडलना ऋण. एका अडॅप्टरवर दोन्ही जोडली की थेट शॉर्ट. फझला 9 व्होल्टची स्वतंत्र बॅटरी द्या, साधी कार्बन-झिंकची. वाजवून झालं की इनपुटची पिन काढाच, नाहीतर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

गिटारनंतर पहिलं पेडल फझच हवं. मध्ये बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट, काही पेडलमध्ये असतं) आला की गिटारचा व्हॉल्यूम 7 वर आणूनही आवाज निवळत नाही.