‘भांडी घासल्यासारखं हे संगीत’ शिकून पोट भरेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला आहे, लहानपणापासून तबला शिकतोय, आणि गेलं वर्षभर रात्री हेडफोन लावून भुताखेतांच्या व्हिडिओ गेम्सचं संगीत ऐकत बसतो. माळ्यावरच्या ट्रंकेची बिजागरी, कुकरची वाफ, सायकलचा ब्रेक असं काय काय मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवतो. ‘याला संगीत म्हणायचं का? भांडी घासल्यासारखा आवाज, आणि म्हणतो यातच करिअर करणार,’ असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या बाबांचा आग्रह इंजिनिअरिंगचा आहे.

आधी त्या भांड्यांबद्दल. १९९९ साली जपानच्या कोनामी कंपनीचा ‘सायलेंट हिल’ हा गेम आला. त्याचं संगीत अकिरा यामाओका यांचं. लोखंडावर लोखंड घासल्यासारखे ते तुकडे त्यांनी पहिल्यांदा ऐकवले, तेव्हा सहकाऱ्यांना वाटलं की गेममध्येच काहीतरी बिघाड झालाय! हा आवाज मुद्दाम असा केलाय, हे यामाओकांना समजावून सांगावं लागलं. त्याच गेमच्या सुरुवातीची धून मात्र मँडोलिनवरची आणि सुरेल आहे. म्हणजे सुरांशी वैर असलेल्या माणसाचा हा खडखडाट नव्हता. तुम्हाला जे वाटलं ते खुद्द त्यांच्या सहकाऱ्यांनाही वाटलं होतं, तेव्हा त्यात तुमचं काही चुकलं नाही. मुलाचंही नाही. बिजागरीचा आवाज जपून ठेवावासा वाटणं ही या कामातली पहिली पायरीच आहे.

आता हे काम नेमकं काय असतं ते सांगतो, कारण निर्णय त्यावर अवलंबून आहे. सिनेमाच्या संगीतकाराला माहीत असतं की भूत बाराव्या मिनिटाला येणार. गेममध्ये तसं नसतं. खेळणारा दाराशी दहा सेकंद थांबेल, नाहीतर दहा मिनिटं घुटमळेल. त्यामुळे संगीत एकसलग न बांधता थरांमध्ये बांधतात. २००८ च्या ‘डेड स्पेस’ या हॉरर गेमसाठी जेसन ग्रेव्हज यांनी वाद्यवृंदाकडून असे वेगवेगळ्या तीव्रतेचे थर वाजवून घेतले. धोका किती जवळ आहे त्याप्रमाणे गेम स्वतःच ते थर वर-खाली करतो. पुढच्या वर्षी त्या संगीताला ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

तुमचा मुलगा तबलजी आहे, म्हणून हे त्याला चटकन कळेल. विलंबित ख्यालात गायक आलाप किती लांबवणार हे तबलजीच्या हातात नसतं. त्याने ठेका धरून वाट बघायची असते, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांनी भेटायचं असतं. गेमचा संगीतकारही अशी साथच करतो, फक्त ज्याला कधी भेटलेला नाही अशा खेळाडूची. भीती कुठून येते? ऐकणाऱ्याला समेची ओढ लावायची आणि सम द्यायचीच नाही, यातून. माझ्या मते त्याची तबल्याची वर्षं इथे सगळ्यात जास्त कामी येतील. दहावीनंतर रियाझ सुटला असेल तर तो पुन्हा सुरू करायला सांगा.

हे थर गेममध्ये बसवायचे तर एफमॉड किंवा वाइज अशी सॉफ्टवेअर वापरावी लागतात आणि थोडं प्रोग्रॅमिंगही यावं लागतं. म्हणून बाबांचा आग्रह आणि मुलाची आवड यांत मला भांडण दिसत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीएस किंवा बीसीए, जे झेपेल आणि परवडेल ते घ्यावं, सोबत तबला आणि हे काम चालू ठेवावं. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला (एफटीआयआय) ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते, म्हणजे आज इंजिनिअरिंग निवडलं तरी ते दार बंद होत नाही. महागड्या खासगी ऑडिओ कोर्ससाठी मात्र आत्ता कर्ज काढू नका. आधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचं काम ऐकायला मागा, आणि गेमचा आवाज प्रत्यक्ष बसवायला शिकवतात का, हे विचारा.

पोटाचं स्पष्टच सांगतो. फक्त हॉरर गेम्सना संगीत देऊन घर चालेल, असं धरून आपल्याकडे कुणी निघू नये. गेम्स इथेही बनतात. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने २००८ साली स्टुडिओ सुरू केला, आणि २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या कंपनीचा. पण एका गेमला संगीतकार बहुधा एकच लागतो आणि तोही कंत्राटावर. त्याच्याभोवतीचं काम जास्त असतं: पावलांचे, दारांचे आवाज तयार करणं, संवाद स्वच्छ करणं, हे सगळं गेममध्ये बसवणं. माणूस त्या वाटेने आत शिरतो. ही कामं त्याला कमीपणाची वाटत असतील, तर आत्ताच त्याच्याशी बोला.

डोक्यावर परिणाम होईल का, असंही तुम्ही विचारलंय. तो झोपतो का, जेवतो का, मित्रांत असतो का ते बघा. हे ठीक असेल तर घाबरू नका. झोप उडाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, करिअरचं नंतर बघू. हेडफोनचा आवाज मात्र कमी ठेवायला लावा. कानच गेले तर यातलं काहीच उरणार नाही.

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत नवीन काही नको. मग सुट्टीत त्याने एकच गोष्ट करावी: घरातल्या आवाजांतून तीन मिनिटांचा तुकडा, तीन थरांत, कुठलाही थर कधीही काढला-घातला तरी तुटणार नाही असा. रीपर हे आवाज रेकॉर्ड करून जोडायचं सॉफ्टवेअर साठ दिवस फुकट वापरून बघता येतं, तेवढे दिवस पुरेत. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम होतो, त्यात नवखी मंडळी दोन-तीन दिवसांत छोटे गेम बनवतात. पुढच्या जानेवारीत त्याने कुणाच्या तरी गटात आवाजाचं काम मागावं.

तुकडा तयार झाला की मला पाठवा. थर वेगवेगळे पाठवायला सांगा. मी ऐकून त्यालाच सविस्तर लिहीन.